सागवानी व्हिनियरच्या कपाटाला रंग द्यायचा, पण तो टिकायला हवा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. अमळनेरच्या घरी वडिलांनी १९९२ च्या सुमारास करवून घेतलेलं सागवानी व्हिनियरचं (प्लायवर चिकटवलेल्या सागाच्या पातळ पापुद्र्याचं) कपाट आहे, सोबत टीव्हीची शोकेस आणि दिवाण. पॉलिश काळपट पडलं, खोली अंधारी वाटते, म्हणून सगळ्याला मलईसारखा पांढरा रंग द्यायचा आहे. गल्लीतला पेंटर म्हणतो, "दोन हात ऑइलपेंट मारतो, उद्या संध्याकाळी काम खलास." धुळ्याचा दुसरा पेंटर म्हणतो, पीयूशिवाय (म्हणजे पॉलियुरेथेनच्या कडक रंगाशिवाय) काहीच टिकत नाही. आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात की घासायचीसुद्धा गरज नाही. यात खरं कोणाचं, आणि पाच-सात वर्षं पोपडे निघणार नाहीत असं काय करावं?

तिघंही रंगाबद्दल बोलतायत. तुमची अडचण मात्र रंगाच्या खाली आहे. मी १९९७ पासून जळगावात लाकडाचं पॉलिश आणि रंगकाम करतो, त्याआधी वडील लाखेचं पॉलिश करायचे. निघालेला रंग परत करून द्यायची कामं भरपूर केली. त्यांत डब्यातला रंगच वाईट होता असं क्वचित निघालं. बहुतेक वेळा खाली चकचकीत पॉलिश तसंच होतं, किंवा व्हिनियरनेच पाठीचा प्लाय सोडला होता, किंवा खालून पाणी चढत होतं. या तीन गोष्टी पाहिल्या नाहीत तर पीयूसुद्धा पापडासारखा उचलला जातो. पाहिल्या तर साधा ऑइलपेंटही दहा वर्षं राहतो.

माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत चोपड्याला एक शोकेस केली. लगनसराई, मे महिना, घरात लग्न, आणि मालकाला हळदीच्या आत काम हवं. जुनं फ्रेंच पॉलिश होतं. वरवर पॉलिशपेपर फिरवला, प्रायमर न देता थेट तेलरंगाचे दोन हात दिले. लग्नात सगळ्यांनी वाहवा केली. दिवाळीच्या सफाईत मालकीणबाईंचा फोन आला, "भो, तुमना रंग निंघी ऱ्हायना!" जाऊन पाहतो तर मुलांनी दारावर चिकटपट्टीने चित्र लावलेलं. ते काढताना चित्राबरोबर तळहाताएवढा रंग आला, आणि खाली माझ्या वडिलांच्या काळातलं पॉलिश जसंच्या तसं चमकत होतं. रंग त्याला धरलाच नव्हता, नुसता वर पसरला होता. ते काम फुकट परत केलं, आणि तेव्हापासून पॉलिश ओळखल्याशिवाय ब्रश उचलत नाही.

आता तुमचं कपाट. आधी ते खरंच व्हिनियर आहे ना, याची खात्री करा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे सागाच्या रंगाचा सनमायकाही खूप लागायचा. बोट फिरवा. सागाच्या व्हिनियरला तिरप्या उजेडात बारीक उघड्या रेघा दिसतात, नखाला लागतात. सनमायका सपाट असतो, त्याच्या कडेला तपकिरी किंवा काळी रेघ दिसते, आणि तीच नक्षी थोड्या अंतराने पुन्हा येते. सनमायका निघाला तर खालचं बरंचसं लागू नाही, त्याची रीत वेगळी. रंगवलेल्या कागदाचं तयार फर्निचर असेल तर फार खर्च करूच नका.

व्हिनियर असेल तर जाडी लक्षात घ्या. सजावटीचं व्हिनियर साधारण अर्धा मिलिमीटर असतं, म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्याइतकं. हल्ली येतं ते त्याहूनही पातळ. घासायला तुमच्या हातात एवढीच शिल्लक आहे. एकदा खालचा प्लाय उघडा पडला की तो डाग रंगातूनही खोलगट दिसतो.

मग पॉलिशची ओळख. दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, जिथे कोणी पाहत नाही तिथे करा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट दाबून ठेवा. पॉलिश चिकट झालं आणि कापूस तांबूस झाला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर तसाच बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा लावा. मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे थिनरात विरघळणारं एनसीचं पॉलिश. थिनरनेही ढिम्म हललं नाही, फार तर किंचित सुरकुतलं, तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे रसायनाने कडक होणारं पॉलिश. १९९२ चं अमळनेरचं काम म्हटल्यावर माझा अंदाज लाखेचाच, पण मधल्या काळात कोणी वरून मेलामाइनचा हात दिला असेल तर दोन पदर सापडतील. अंदाजावर चालू नका, बोळा लावाच.

लाखेचं असेल तर एका अर्थी नशीब. ते काढायला मशीन लागत नाही, घासावंही फार लागत नाही. सुती चिंधी स्पिरिटमध्ये भिजवायची, हातभर जागा ओली करायची, दोन मिनिटं थांबायचं, आणि स्टीलच्या बारीक घासणीने रेषांच्या दिशेने हलकं पुसून घ्यायचं. चिंधी काळी झाली की बदलायची. तीच चिंधी पुन्हा फिरवली तर काढलेली घाण दुसरीकडे माखली जाते. पूर्ण नागडं लाकूड दिसेपर्यंत काढायचा हट्ट नको. रेषांमध्ये मुरलेली लाख राहू द्या, ती आतला रंग वर येण्यापासून थोडी अडवते. फक्त वरचा चकचकीत पापुद्रा गेला पाहिजे. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, आणि त्या खोलीत देवघर असेल तर समई-निरांजन विझवलेलं. स्पिरिट आणि थिनरची वाफ ठिणगीला थांबत नाही.

मेलामाइन किंवा पीयू असेल तर ते काढायच्या भानगडीत पडू नका. घट्ट बसलेलं असेल तर तोच तुमचा पाया. २२० नंबरच्या पॉलिशपेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत, दुधी दिसेपर्यंत घासा आणि पुढे चला.

इथे एक क्षण थांबून एक दार नीट पाहा. लाखेचं काळं पॉलिश निघाल्यावर खालचा साग पुष्कळदा इतका छान निघतो की माणसं विचार बदलतात. यावलच्या एका गुरुजींनी तसंच केलं. रंग द्यायला बोलावलं, आणि शेवटी फिकट पॉलिश करून घेतलं. पांढरा रंग हा एकतर्फी रस्ता आहे. एकदा प्रायमर आणि लांबी (खळगे भरायची लाकडाची पुट्टी) सागाच्या रेषांत बसली की पुन्हा पॉलिश करायला ती पूर्ण निघत नाही, आणि निघेपर्यंत घासायला अर्धा मिलिमीटर पुरत नाही. खोलीच उजळ हवी असेल तर चौकट आणि बाजू पांढऱ्या करून दारांचे फलक पॉलिशमध्ये ठेवता येतात. पण कपाट तुमचं, खोली तुमची. डाग-चिरा खूप असतील तर खुशाल रंगवा, मला सागाचा फार उमाळा नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम, टकटक. बोटाच्या पेराने दार आणि बाजू वरपासून खालपर्यंत वाजवा. चिकटलेल्या जागी भरीव आवाज येतो, सुटलेल्या जागी कागदी, फुसका. चौकटीवरचं पोकळ दार असेल तर सगळीकडेच पोकळ वाजेल. तिथे आवाजावर जाऊ नका, हाताने दाबून व्हिनियर हलतं का ते पाहा. आणि खानदेशात एक जागा मी डोळे मिटून सांगतो: कूलरकडे तोंड असलेली बाजू, खालून दीड-दोन फूट. मार्चपासून जूनपर्यंत कूलरचा ओला झोत त्याच जागेवर, रात्री ओलं, दुपारी ४३-४४ अंशांत कोरडं. लाकूड फुगतं, आकसतं, आणि वर्षानुवर्षांनी फेव्हिकॉल हात टेकतो. भुसावळ, जळगावकडे तर हे घरोघरी. रंग देऊनही कूलर तिथेच राहणार असेल तर माझा रंग दोन उन्हाळ्यांच्या वर टिकेल असं मी लिहून देत नाही. कूलर खिडकीत न्या नाहीतर कपाट सरकवा. यात पैसा लागत नाही आणि फायदा सगळ्यात जास्त.

फुगा आला असेल तर तो कापून फेकायचा नाही. धारदार ब्लेडने रेषेच्या दिशेने एक चीर द्यायची, आडवी कधीच नाही. औषधाच्या जाड सुईच्या सिरिंजमध्ये थोडं पातळ केलेलं फेव्हिकॉल भरून आत सोडायचं, बोटाने दाबून पसरवायचं, वर आलेलं ओल्या फडक्याने पुसायचं. मग प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी, त्यावर वजन, आणि रात्रभर हात लावायचा नाही. उभी बाजू असेल तर क्लॅम्प किंवा टेका द्यावा लागतो. कडेला सुटलेल्या जुन्या व्हिनियरला इस्त्रीही चालते. पांढरं फेव्हिकॉल उष्णतेने मऊ होतं. वर जाड कागद ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवायची आणि गार होईपर्यंत ठोकळ्याने दाबून धरायचं. मात्र आधी तिथलं लाखेचं पॉलिश काढलेलं हवं, नाहीतर लाख वितळून इस्त्रीला लागेल आणि घरात भांडण होईल. कारखान्यात गरम दाबाने रेझिनवर चिकटवलेला पदर सुटला असेल तर इस्त्रीने काही होत नाही, तिथे सिरिंजच.

वाळवीची माती किंवा किड्याची पिठासारखी पूड दिसली तर रंगाचं काम थांबवा, आधी तिचा बंदोबस्त.

घासण्याबद्दल. लाखेचं पॉलिश काढलेल्या व्हिनियरला १८० ने एक हलका हात आणि २२० ने दुसरा, बस. ८० नंबरचा जाडाभरडा पेपर घरातही आणू नका. गोल फिरणारं मशीन भाड्याने मिळतं, मोह होतो, पण ते कडेला टेकलं की दोन सेकंदांत व्हिनियर संपतं. पेपर लाकडी गुटक्याला गुंडाळा आणि रेषांच्याच दिशेने चालवा. कडा आणि कोपरे गुटक्याशिवाय, नुसत्या बोटांनी. आमची एक जुनी युक्ती आहे. पेन्सिलने पृष्ठभागावर हलक्या आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि त्या गेल्या की थांबायचं. नवीन पोराच्या हातात पेपर देताना आजही मी हेच करायला लावतो, कारण उत्साहात माणूस घासतच सुटतो.

तुमच्या तीन वस्तूंपैकी कशावर आधीच जुना तेलरंग असेल, दिवाणाच्या पायांवर पुष्कळदा असतो, तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. तिथे रिमूव्हर लावून खरवडा, किंवा पाय भरीव लाकडाचे असतील तर ओल्या पेपरने घासा. काम होईस्तोवर मुलांना मामाच्या गावाला पाठवा.

घासून झाल्यावर धूळ ब्रशने आणि मग टर्पेंटाइन लावलेल्या, जवळजवळ कोरड्या फडक्याने पुसायची. पाण्याची बादली घेऊन व्हिनियर धुवायचं नाही. घरात चकाकीचा फवारा किंवा मेणाचं पॉलिश वापरत असाल तर टर्पेंटाइनने दोनदा पुसा. त्यातलं सिलिकॉन राहिलं की रंग जागोजागी मागे सरकतो आणि डाळीएवढे गोल खळगे पडतात. उघड्या सागाला स्वतःचंही तेल असतं, म्हणून शेवटचं फडकं थिनरचं मारून तासाभरात प्रायमर द्यावा.

प्रायमरवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पांढऱ्या रंगाची खरी गोम इथे आहे. आपल्याकडच्या जुन्या पॉलिशमध्ये लालसर रंग मिसळायची पद्धत होती, महोगनी-रोझवूड दिसावं म्हणून. तो लाल रंग थिनर-स्पिरिटात विरघळणारा असतो. वरून पांढरा दिला की तो पाझरून वर येतो. शिरपूरला एका बंगल्यात माझा शुभ्र पांढरा वॉर्डरोब आठ दिवसांत गुलाबी झाला. मालक म्हणाले, रंग छान आहे पण आम्ही हा सांगितला नव्हता. आणखी दोन हात दिले, तेही गुलाबी. रंगाने रंग अडत नाही, त्याला मध्ये आड घालावी लागते. शिवाय पाण्याचा प्रायमर थेट उघड्या सागावर दिला तर लाकडातला तपकिरी अर्क पिवळे डाग होऊन वर येतो.

म्हणून आधी चाचणी. दाराच्या आत वीतभर जागेवर प्रायमर आणि एक हात रंग देऊन चार दिवस ठेवा. गुलाबी-पिवळी छटा आली तर प्रायमरच्या आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यायचा. बाजारात तयार मिळाला तर उत्तम. नाहीतर वडील करायचे तसं करा. लिटरभर स्पिरिटला सुमारे १२० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, अधूनमधून हलवत विरघळवायचा, मग काही दिवस अजिबात न हलवता ठेवायचा. मेण गढूळ होऊन तळाशी बसतं. वरचं चहाच्या रंगाचं नितळ तेवढं ओतून घ्यायचं. चपडा ताजा घ्या. फार जुना नीट विरघळत नाही, आणि बरणीत वर्षभर पडलेलं द्रावण लावलं तर वाळत नाही, चिकट राहतं. मेण का काढायचं? वरून पीयू द्यायचा झाला तर मेण त्याला धरू देत नाही. ऑइल प्रायमर त्यामानाने सोशिक आहे, पण मेण नसलेलं कधीही बरं.

त्यावर ऑइलवाला वुड प्रायमर, टर्पेंटाइनने थोडा पातळ करून, एक हात. पहिला हात लाकडात शिरायला हवा, म्हणून दाट नको. चोवीस तास. मग लांबी.

लांबीच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडाला लावू नका. ती सिमेंटची असते, भिंत हलत नाही म्हणून तिथे चालते. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, आणि वर्षभरात ती पुट्टी खवल्यांसारखी सुटते. स्वस्त पडते म्हणून बरेच पेंटर हेच करतात आणि रंगाच्या खाली ती कोणाला दिसत नाही. लाकडाची ऑइल लांबी डब्यात तयार मिळते. नाहीतर व्हाइटिंग पावडर (खडूची भुकटी), प्रायमर आणि थोडा तेलरंग एकत्र मळून आम्ही करतो. सागाच्या रेषा खोल असतात. त्या भरल्या नाहीत तर रंगातून दिसत राहतात, काहींना तेच आवडतं. गुळगुळीत हवं असेल तर लांबी रेषांना तिरकी ओढायची, आत बसली पाहिजे, वर राहिली नाही पाहिजे. एक जाड थर कधीच नाही, दोन पातळ. मध्ये एक रात्र. मग २२० ने घासून पुन्हा प्रायमरचा हात.

हा दुसरा प्रायमर दोन दिवस वाळला की परीक्षा घ्या. आडबाजूला ब्लेडने बारीक फुली मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. फुलीच्या कडा जागेवर राहिल्या तर पुढे जा. पट्टीला पांढरे तुकडे आले तर खाली काहीतरी चुकलंय. आता पुन्हा घासणं सोपं आहे, रंगाचे दोन हात दिल्यावर नाही.

आणि आता कुठे तुमचा मूळ प्रश्न, रंग कोणता. घरी ब्रश-रोलरने करायचं असेल तर दोनच पर्याय मी धरतो. ऑइलचा सॅटिन (मंद चमकेचा) एनॅमल स्वस्त, सावकाश वाळतो म्हणून ब्रशच्या रेघा आपोआप बसतात, चुका पोटात घालतो. दोष एक: पांढरा असेल तर पिवळा पडतो, आणि उजेड नसलेल्या जागी, म्हणजे कपाटाच्या आत, जास्त पडतो. दुसरा पाण्याचा एनॅमल. तो पांढराच राहतो, वास कमी, पण झटपट वाळतो आणि हात सराईत लागतो. तुम्हाला मलईसारखा पांढरा हवाय, तर मी खाली ऑइल प्रायमर आणि वर पाण्याचा सॅटिन एनॅमल असं करीन. प्रायमर पूर्ण वाळलेला आणि घासून चमक घालवलेला असला की दोघांचं जमतं. दोन पातळ हात, मध्ये ३२० चा अलगद हात. साडेसहा फुटी दोन दारी कपाटाला बाहेरून दोन्ही हातांना मिळून लिटरभर पुरतो. चकाकता घेऊ नका, दिवाणखान्यात तिरप्या उजेडात प्रत्येक खळगा दाखवतो.

पीयूचं काय? धुळ्याच्या पेंटरचं अर्धं खरं आहे. हार्डनर (रंग कडक करणारं द्रावण) घालून फवारणीच्या गनने मारलेला पीयू सगळ्यात टणक. गरम चहाचा कप, पाणी, ओरखडे, सगळ्याला तो वरचढ. दिवाणाच्या माथ्याला, जेवणाच्या टेबलाला तो घ्याच म्हणेन. पण तो लाखेच्या पॉलिशवर चालत नाही. जुनं सगळं काढून पीयूचाच प्रायमर, पीयूचाच रंग लागतो. जुन्या तेलरंगावर मारला तर त्याचा कडक थिनर खालचा रंग उचलतो आणि सुरकुत्या पडतात. शिवाय त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं की दम्यासारखा त्रास देतं. गाडीच्या धुळीचा कापडी मास्क लावून ते काम होत नाही. राहत्या घरात, आई-वडील शेजारच्या खोलीत असताना, मी पीयू मारत नाही. दारं काढून वर्कशॉपला न्यायची. कारागीर 'ड्यूको करतो' म्हणाला तर नक्की काय मारणार ते विचारा. आपल्याकडे गनने मारलेल्या कशालाही ड्यूको म्हणतात, आणि साधा एनसी निघाला तर पैसे पीयूचे आणि टिकाऊपणा निम्माही नाही.

व्हिडिओत न घासता लावतात त्या खडूच्या रंगाबद्दल (चॉक पेंट): तो धरतो, खोटं नाही, कारण तो खरखरीत आणि कोरडा असतो. पण वरून वॉर्निश नसेल तर हळदीचा हात लागला की संपलं. आणि लाल पॉलिशवर तोही गुलाबी होणार.

हवेकडे वळतो, कारण खानदेशात हे अर्धं काम आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घर चकाचक हवं म्हणून सगळे एप्रिल-मेमध्ये रंग काढतात, आणि रंगासाठी सगळ्यात वाईट महिने तेच. दुपारच्या उन्हात रंग वरून कातडी धरतो आणि आतला थिनर अडकतो, मग बुडबुडे येतात. ब्रश पुढे सरकेपर्यंत मागची कड वाळलेली असते. वर लू आणि धूळ. करायचंच असेल तर पहाटे साडेपाच ते नऊ, फरशीवर आधी पाणी शिंपडून धूळ बसवलेली, पंखा बंद, आणि त्या खोलीतला कूलर तर अजिबात नाही, तो ओल आणि कचरा दोन्ही फेकतो. पावसाळ्यात सलग झड लागली असेल तर लाखेला पांढुरका धुरकटपणा येतो आणि तेलरंग दोन-दोन दिवस चिकट राहतो. माझ्या मते दिवाळीनंतरचा महिना आणि फेब्रुवारी उत्तम. जानेवारीतही चालतं, फक्त आपल्याकडे रात्री गारठा असतो, वाळायला एक दिवस जास्त धरा.

दारं, मुठी, कड्या काढून, दारं आडवी ठेवून रंगवा. उभ्या दाराला ओघळ येतात. काढताना कोणती बिजागरी कुठली ते मागे पेन्सिलने लिहा. आणि कपाटाचा तळ, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो उलटा करून त्याला प्रायमरचे दोन हात आणि रंगाचा एक हात द्या. फरशी रोज पुसतो, सणाला तर धुतोच. ते पाणी प्लायच्या उघड्या कडेतून वर चढतं आणि खालचं व्हिनियर सुटतं. पायांखाली रबरी गुटके लावले तर आणखी बरं.

एवढ्या सगळ्याला किती दिवस? पॉलिश काढणं आणि घासणं दोन दिवस, डागडुजी एक, चाचणीचे चार (तेवढ्यात दिवाणाचं घासणं होतं), प्रायमर-लांबी-प्रायमर पाच, रंग तीन. म्हणजे पंधरवडा. "एका दिवसात" म्हणणारा माणूस यातलं काय गाळणार आहे ते तुम्हीच त्याला विचारा, भांडायला नको, नुसतं विचारा. मजुरी जास्त सांगितली तर बिचकू नका. पैसा डब्यात कमी आणि घासणाऱ्याच्या हातात जास्त जातो, आणि तो तिथेच जायला हवा.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तयार झाला असं नाही. तो आतून कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. पहिले दोन आठवडे दारं जरा उघडी ठेवा, नाहीतर चौकटीला चिकटून कडेचा रंग उचलला जाईल. वर फ्लॉवरपॉट, पुस्तकं, प्लास्टिकचं टेबलक्लॉथ काही ठेवू नका. साड्या महिन्याने भरा, नाहीतर घडीची छाप कपाटावर आणि कपाटाचा वास साडीला. पुसायला ओलसर मऊ कापड, सोडा किंवा घासणी नाही. तेलाचे आणि पॉलिशचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तर लवकर. बाहेर पसरून वाळवा, मग टाका.

उरली एक गोष्ट, जी इथून मला नक्की सांगता येत नाही. शोकेसच्या काचेच्या कप्प्यांमागची बाजू बहुधा हार्डबोर्डची असेल, तिथे ही सगळी मेहनत नको, प्रायमर आणि दोन हात पुरे. आणि आधी त्या कापसाच्या बोळ्याने काय दाखवलं ते सांगा, स्पिरिटचा आणि थिनरचा दोन्ही. लाखेवर मेलामाइन निघालं तर वरचं किती धरून आहे ते पाहून क्रम थोडा बदलावा लागेल.